फ्लोरिडात नवीन आलात? भाजी, किराणा, मासळी आणि बाहेरचं जेवण कसं शोधायचं

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहत होतो तेव्हा भारतीय दुकानांनी भरलेला ओक ट्री रोड घरापासून सात मिनिटांवर होता. कोथिंबीर संपली की पायात चपला सरकवायच्या आणि निघायचं. २०२१ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही टॅम्पाला आलो. पहिल्याच शनिवारी मी सवयीने फोनवर ‘इंडियन ग्रोसरी’ शोधलं आणि जे दुकान आधी दिसलं तिथे गेलो. मेथीच्या दोन पिवळ्या जुड्या, काळी पडलेली भेंडी आणि कांदे एवढंच होतं. परत येताना गाडीत मला रडू आलं.

मी मूळची चिपळूणची. इथली हवा मला पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली. दुपारी आभाळ भरून येतं, धो धो पाऊस पडतो, रात्री बेडूक ओरडतात, शेजारच्या कुंपणावर जास्वंद आणि मागे केळीचं बन. अशा हवेत आपल्या जेवणाला लागणारं काही पिकत नाही, हे मनाला पटेना. वर्षभर हिंडल्यावर कळलं, की जवळजवळ सगळं इथे मिळतं. फक्त ते ‘इंडियन’ या पाटीखाली नसतं. ते दुसऱ्यांच्या दुकानात, दुसऱ्या नावाने आणि आपल्या सवयीच्या उलट महिन्यात मिळतं. मला ते वर्ष लागलं, तुम्हाला लागू नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते. माझे अनुभव टॅम्पा परिसरातले आहेत, पण ओरलँडो, जॅक्सनविल किंवा मायामीकडे गेलात तरी रीत हीच.

आधी एवढं जमवा

- गाडीत कायम ठेवायला एक मोठी कूलर बॅग आणि गोठवलेले दोन-तीन बर्फाचे पॅक
- घरच्या कापडी पिशव्या आणि एक क्वार्टर, म्हणजे २५ सेंटचं नाणं (आल्डी या स्वस्त किराणा दुकानात कार्ट सोडवायला ते घालावं लागतं, कार्ट परत लावली की ते मिळतं)
- एक आणि पाच डॉलरच्या सुट्या नोटा. रस्त्याकडेच्या भाजी-फळवाल्यांकडे कार्ड चालेलच असं नाही
- कॉस्टकोचं सभासदत्व घ्यायला फोटो असलेलं ओळखपत्र
- टोलसाठी सनपास, कारण चांगली दुकानं एका ठिकाणी नाहीत
- रबरी कडा असलेले, घट्ट झाकणाचे डबे
- जागा असेल तर गॅरेजमध्ये लहान आडवा फ्रीजर
- फोनमध्ये भाज्यांचे फोटो आणि त्यांची इथली नावं (ती यादी पुढे दिली आहे)

कूलर बॅगेचं महत्त्व पहिल्या जूनमध्ये समजतं. बाहेर ९० अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की दूध, मासे, मांस एका तासाच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. बंद गाडीत तर त्याहून लवकर बिघडतं. म्हणून तीन दुकानं फिरायची असतील तर डाळ-तांदूळ आधी, मासळी आणि दूध शेवटी.

१. पहिला आठवडा: नेहमीची दुकानं

पब्लिक्स हे फ्लोरिडाचं घरचं दुकान. १९३० मध्ये विंटर हेवन या गावात सुरू झालं, मुख्य कचेरी आजही जवळच लेकलंडला आहे, आणि कंपनीची मालकी मोठ्या प्रमाणात कर्मचाऱ्यांकडेच आहे. स्वच्छ, मदतीला तत्पर, पण स्वस्त नाही. दर आठवड्याला ‘एकावर एक मोफत’ची यादी बदलते, ती बघून घ्या आणि दही, चीज, पीनट बटर असलं सामान तेव्हाच भरा. दूध, अंडी, कांदे-बटाटे, सिमला मिरची यांना आल्डी बरं पडतं. शेंगदाणा तेल, बदाम, काजू, बासमती मोठ्या प्रमाणात हवं असेल तर कॉस्टको.

किराण्यावर इथे राज्याचा विक्रीकर नाही. तयार गरम जेवण, शीतपेयं आणि चॉकलेट-गोळ्यांवर मात्र लागतो.

शाकाहारी असाल तर दह्याच्या डब्यावर ‘जिलेटिन’ (प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून केलेला पदार्थ) हा शब्द शोधायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. कमी चरबीच्या आणि फळं घातलेल्या दह्यांत तो पुष्कळदा सापडतो.

२. भारतीय दुकान: कधी जायचं आणि काय घ्यायचं

मोठ्या शहरांत पटेल ब्रदर्ससारखी साखळी दुकानं आहेत (त्यांचं पहिलं दुकान १९७४ मध्ये शिकागोच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर निघालं). बाकी छोटी, घरगुती दुकानं. टॅम्पात यूएसएफ विद्यापीठाच्या आसपास, फाउलर अ‍ॅव्हेन्यू आणि टेंपल टेरेसच्या बाजूला भारतीय आणि अरबी दुकानं जवळजवळ सापडतील.

माझी पहिली चूक दुकानाची नव्हती, वाराची होती. छोट्या दुकानात भाजीचा ट्रक आठवड्यातून एक-दोनदाच येतो. काउंटरवरच्या माणसाला सरळ विचारा, “भैया, सब्जी का ट्रक किस दिन आता है?” तो वार लिहून ठेवा आणि त्याच संध्याकाळी जा. तिसऱ्या दिवशी तीच मेथी बघवत नाही.

इथून काय घ्यायचं? डाळी, पोहे, साबुदाणा, भाजणीची धान्यं, कोकम, चिंच, हिंग, गोठवलेलं खवलेलं खोबरं, गोठवलेली पावटे-तुरीचे दाणे यांची पाकिटं. सोना मसुरी आणि बासमती सगळीकडे मिळतात. आंबेमोहोराचा हट्ट सोडा. वरण-भाताला मऊ भात हवा असेल तर आशियाई दुकानातला जास्मिन तांदूळ थोडं जास्त पाणी घालून शिजवा. वास वेगळा, पण पोत मनासारखा येतो.

दोन सापळे. पहिला तारखेचा: भारतातून आलेल्या पाकिटावर दिवस आधी, महिना नंतर असतो आणि अमेरिकी पाकिटावर उलट. ०५/०८ म्हणजे मे की ऑगस्ट, हे पाकीट कुठलं आहे ते बघून ठरवा. दुसरा पिठाचा: ज्वारी-बाजरीचं पीठ समुद्र ओलांडून, गोदामात राहून, मग या दमट हवेत येतं. बाजरी तर पटकन कडवट होते. मी लहान पाकीटच घेते, घरी आल्यावर चिमूटभर चाखते आणि लगेच फ्रीजरमध्ये टाकते.

३. खरा खजिना: कॅरिबियन आणि लॅटिन दुकानं

या लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण हे ठेवा.

१८३८ पासून गयानात आणि १८४५ पासून त्रिनिदादमध्ये हिंदुस्थानातले मजूर ऊसमळ्यांवर नेले गेले. त्यांची नातवंडं-पतवंडं आज मोठ्या संख्येने फ्लोरिडात आहेत: ओरलँडोच्या पाइन हिल्स भागात, ब्रॉवर्ड काउंटीत लॉडरहिलच्या आसपास (तिथलं क्रिकेटचं मैदान २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकामुळे तुम्हाला माहीत असेल), आणि टॅम्पातही थोडीफार. त्यांच्या दुकानांवर ‘वेस्ट इंडियन’ अशी पाटी असते. मी ती वर्षभर वाचून पुढे जात होते. आत गेले तेव्हा काउंटरमागच्या आजींनी ‘बैगन’, ‘आलू’, ‘भाजी’, ‘चन्ना’ हे शब्द उच्चारले आणि मी जागच्या जागी थांबले. हिंदी त्यांना येत नव्हतं. शब्द मात्र पणजीचे टिकून होते.

तिथली नावं अशी:

- बोडी – चवळीच्या लांब शेंगा
- सेम – वालपापडीसारख्या शेंगा
- झिंगी – दोडका
- करैली – कारलं
- सैजन – शेवग्याच्या शेंगा
- गीरा – जिरं
- डशीनची पानं – अळूची पानं
- एडो – अळकुड्या
- पॉमसिथेअर (गयानी लोक त्याला गोल्डन अ‍ॅपल म्हणतात) – आपल्या अंबाड्याच्या कुळातलं आंबट फळ, रायत्याला उत्तम

इथे एक घोळ हमखास होतो. ‘कॅलालू’ मागितलं की त्रिनिदादी दुकानात अळूची पानं पुढे येतात आणि जमैकन दुकानात माठाच्या कुळातली पालेभाजी. दोन्ही आपल्या कामाच्या, पण फदफदं करायला जाल आणि हातात माठ येईल. पान बघूनच घ्या. अळू असेल तर चिंच किंवा कोकम घालून नीट शिजवा, कच्चट राहिलं की घसा खाजतो हे सांगायला नकोच. दुसरं म्हणजे ‘सॉरेल’. नाताळच्या सुमाराला लाल, मांसल बोंडं या नावाने विकायला येतात, ती लाल अंबाडीची असतात. तिथे त्यांचं सरबत करतात. मी चटणी करते. अंबाडीचा पाला हवा असेल तर भारतीय दुकानात ‘गोंगुरा’ म्हणून विचारा.

आता लॅटिन दुकानं. सेडानोज (१९६२ पासून, मायामीजवळच्या हायालियाहून सुरू झालेलं), ब्राव्हो, किंवा कोपऱ्यावरचं कुठलंही. नावं स्पॅनिश, माल ओळखीचा:

- कालाबासा – लाल भोपळा, फोडी करून विकतात, घारग्यांना छान
- बोनियातो – पांढऱ्या गराचं रताळं. अमेरिकी नारिंगी रताळ्यासारखं पचपचीत नाही, उपासाच्या किसाला हेच घ्या
- मालांगा – अळकुडीची चुलत बहीण
- ग्वायाबा – पेरू
- तामारिंदो – चिंच
- निस्पेरो – चिकू
- आनोन – सीताफळ
- पानेला किंवा पिलोन्सियो – उसाचा गूळ, ढेपेचा किंवा शंकूच्या आकाराचा

पानेलाची पुरणपोळी मी गेली तीन वर्षं करते आहे. रंग थोडा गडद येतो, चव कुठेही उणी पडत नाही. प्लँटेन म्हणजे राजेळी केळ्याचं नातलग. साल काळी पडेपर्यंत थांबा, मग तुपावर परता. आणि ‘ग्वारापो’ ही पाटी दिसली तर गाडी थांबवा, तो उसाचा ताजा रस असतो. मायामीच्या काये ओचो रस्त्यावर पहिल्यांदा प्यायले तेव्हा फक्त आलं-लिंबाची उणीव होती.

युका म्हणजे साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो कंद. उपासाला बटाट्याऐवजी जिरं-मिरची-दाण्याचा कूट घालून त्याची भाजी करा. पण युका कच्चा कधीही खायचा नाही, त्यात विषारी घटक असतो. जाड साल पूर्ण काढून, मधली दोरीसारखी शीर काढून, भरपूर पाण्यात मऊ होईपर्यंत उकडायचा आणि ते पाणी टाकून द्यायचं. सोललेला गोठवलेला युका पब्लिक्समध्येही मिळतो, सुरुवातीला तोच घ्या.

‘केसो ब्लांको’ नावाचं पांढरं चीज पनीरसारखं तळता येतं, वितळत नाही. ते करताना प्राण्यांचं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं, दूध घट्ट करणारं द्रव्य) वापरलं आहे का, हे पाळणाऱ्यांनी वेष्टनावर बघावं. आणि ‘मान्तेका’ हा शब्द पाठच करा. त्याचा अर्थ डुकराची चरबी. पारंपरिक क्यूबन पावात ती असते, मैद्याच्या काही तोर्तियांतही असते. कुरकुरीत क्यूबन पाव पावभाजीसाठी घेऊन जायचा मोह प्रत्येक नवागताला होतो, म्हणून मुद्दाम सांगते.

टॅम्पात असाल तर हिल्सबरो अ‍ॅव्हेन्यूवरचं सान्वा बघाच. घाऊक बाजाराच्या धर्तीचं मोठं दुकान, आशियाई आणि लॅटिन भाज्यांचे ढीग एकाच छपराखाली. टॅम्पा आणि पिनेलास पार्कमधलं एमडी ओरिएंटल आणि ओरलँडोचा मिल्स फिफ्टी भाग हे व्हिएतनामी-चिनी मालासाठी. ओलं खोबरं, मिरच्या, पुदिना, कोवळी वांगी तिथे भारतीय दुकानापेक्षा ताजी मिळतात.

४. भाजीचं उलटं कॅलेंडर

न्यू जर्सीत भाजीचा हंगाम उन्हाळ्यात. इथे उन्हाळ्यात ऊन आणि पाऊस पालेभाजीला टिकू देत नाहीत. फ्लोरिडाचा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो. आपल्या रब्बीसारखा धरा.

डिसेंबर ते मार्च स्ट्रॉबेरी. टॅम्पाच्या पूर्वेला प्लँट सिटी हे तिचं माहेर; फेब्रुवारीअखेरीस तिथे १९३० पासून चालत आलेला स्ट्रॉबेरी महोत्सव भरतो. जत्रा मुलांसाठी ठीक, पण फळ हवं असेल तर शेतावर जाऊन स्वतः तोडा. मार्चमध्ये भाव उतरतो, तेव्हा मुरांबा करायचा. हिवाळ्यातच टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, पालक उत्तम. संत्री-मोसंबी नोव्हेंबरपासून, आणि रसाची व्हॅलेन्शिया संत्री मार्चनंतर. एप्रिल-मेमध्ये ब्लूबेरी, मेमध्ये झेलवूडकडची गोड कणसं.

कडक उन्हाळ्यात तग धरणाऱ्या दोन गोष्टी आपल्याच: भेंडी आणि चवळी. शिवाय भुईमुगाच्या ओल्या शेंगा. त्यांना ‘ग्रीन पीनट्स’ म्हणतात. हायवेच्या कडेला ‘बॉइल्ड पीनट्स’ अशी हाताने रंगवलेली पाटी दिसली की समजा, मिठात उकडलेल्या शेंगा आहेत. आमच्याकडे गणपतीत उकडायचो तशाच. पहिल्यांदा खाताना साधी मागा, ‘केजन’ म्हणजे तिखट मसाल्याची.

आता आंबा. दुकानात वर्षभर दिसणारा लालसर आंबा बहुधा टॉमी अ‍ॅटकिन्स असतो. जात फ्लोरिडात जन्मलेली, माल बाहेरदेशचा, आणि माझ्या मते आमरसासाठी निरुपयोगी: रेषा फार, स्वाद कमी. जूनपर्यंत थांबा. १८८९ मध्ये हिंदुस्थानातून माळगोब्याची कलमं इथे आली, त्यांतल्या तगलेल्या झाडाच्या कोयीपासून कोकोनट ग्रोव्हमध्ये हेडन ही जात निघाली आणि इथल्या कितीतरी जाती त्या वंशातल्या. जून ते ऑगस्ट दक्षिणेला होमस्टेड-रेडलंड आणि पश्चिम किनाऱ्यावर पाइन आयलंड भागात बागवाले घरासमोर टेबल मांडून विकतात. ‘कॅरी’ नावाची जात विचारा. बिनरेषेची, नाजूक सालीची, दिसायला साधी. तिचा रस वाटीत घेतला की घर आठवतं. केंट ही दुसरी निवड.

हापूसच हवा असेल तर एप्रिल-मेमध्ये भारतातून विमानाने पेट्या येतात. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं ते विकिरण प्रक्रियेच्या अटीवर, आणि पहिली खेप नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रातून आली. गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर नोंदणी होते. पैसे भरण्याआधी पेटीत किती फळं, डागी निघाली तर काय, हे लिहून घ्या. आमच्या एका पेटीत बारापैकी पाच आतून काळी होती आणि विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं.

फळांसाठी एक लांबची सहल सुचवते: होमस्टेडचं फ्रूट अँड स्पाइस पार्क, ३७ एकरांची सार्वजनिक बाग. आणि जवळच १९५९ पासून चाललेलं ‘रॉबर्ट इज हिअर’ हे फळांचं दुकान. फणस, सीताफळ, चिकू, लिची एका रांगेत बघून माझी आई, जी इथे येऊन दोन आठवडे गप्प गप्प होती, ती बोलायला लागली.

५. शेतकरी बाजार: कोण शेतकरी, कोण फेरीवाला

सेंट पीटर्सबर्गचा शनिवार सकाळचा बाजार, विंटर पार्कचा जुन्या रेल्वे डेपोतला बाजार, जॅक्सनविलला बीव्हर स्ट्रीटवरचा रोज भरणारा बाजार: तिन्ही वेगळ्या जातीचे. पहिले दोन फिरायला सुंदर, महाग. बीव्हर स्ट्रीटचा खऱ्या अर्थाने मंडई, पोत्याने भाजी.

‘फार्मर्स मार्केट’ असं लिहिलं म्हणजे शेतकरीच विकतो असं नाही. घाऊक बाजारातून खोकी आणून मांडणारे बरेच असतात. टेबलाखाली बघा: छापील खोकी, फळांवर चिकटवलेले स्टिकर, जानेवारीत आंबा किंवा जुलैत स्ट्रॉबेरी दिसली तर तो फेरीवाला. “तुमचं शेत कुठे आहे?” एवढा प्रश्न पुरतो, शेतकरी गावाचं नाव सांगतो आणि पुढे पाच मिनिटं बोलत राहतो. दुकानांत ‘फ्रेश फ्रॉम फ्लोरिडा’ हे राज्याच्या कृषी खात्याचं चिन्ह शोधा.

६. मासळी

किनाऱ्यावरच्या माणसाला इथे आनंद आहे, थोडं शिकावं लागतं इतकंच. ‘किंगफिश’ किंवा किंग मॅकरेल हा आपल्या सुरमईचा भाऊबंद. पण त्यात पारा जास्त असतो आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका व लहान मुलांसाठी तो टाळायच्या यादीत ठेवला आहे. त्याऐवजी स्पॅनिश मॅकरेल घ्या: लहान, त्याच कुळातला, आणि त्या यादीत नाही. हळद-तिखट-कोकम लावून तांदळाच्या पिठात घोळवला की ताटात फरक कळत नाही.

मुलेट म्हणजे बोय. ब्रॅडेंटनजवळचं कोर्टेझ हे जुनं कोळीवाड्यासारखं गाव तिच्यासाठी प्रसिद्ध. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथे अंड्यांनी भरलेली बोय येते, म्हणजे गाबोळी! इथली माणसं ती खारवून निर्यात करतात. तुम्ही ताजी मागून बघा.

कापून घेताना ‘करी कट’ म्हटलं तर समजत नाही. “एक इंचाचे स्टेक करा, डोकं वेगळं बांधा” असं सांगा. सुपरमार्केटात मासळीच्या पाटीवर मूळ देश लिहिणं बंधनकारक आहे, ते वाचा. हॉटेलांना ती सक्ती नाही, म्हणून ‘ग्रूपर’ हा महागडा मासा फार स्वस्त दिसला तर शंका घ्या. त्याच्या नावाखाली परदेशी कॅटफिश खपवल्याची प्रकरणं या राज्यात झाली आहेत.

७. बाहेर जेवायला

चांगली हॉटेलं इथे स्ट्रिप मॉलमध्ये, लाँड्री आणि मोबाइल दुरुस्तीच्या मधे लपलेली असतात. दर्शनी भागावर जाऊ नका. आत कोण बसलं आहे ते बघा. त्या देशाची म्हातारी माणसं जेवत असतील तर बसा.

सगळ्यात आधी त्रिनिदादी रोटी शॉप. ‘डबल्स’ म्हणजे मऊ बऱ्यांमध्ये (तळलेल्या छोट्या पुऱ्यांमध्ये) चन्ना, वर चिंचेची आणि तिखट चटणी. सकाळचा नाश्ता, लवकर संपतो. ‘धालपुरी रोटी’त दळलेल्या डाळीचं सारण असतं, बिनगोडाची पुरणपोळीच. ‘बस अप शट’ म्हणजे फाटक्या शर्टासारखा चुरलेला पराठा.

व्हिएतनामी मेनूवर ‘चाय’ लिहिलं असेल तर तो पदार्थ शाकाहारी. नुसतं ‘व्हेजिटेबल’ लिहिलं असेल तर फिश सॉस असू शकतो. व्हेनेझुएलन ठिकाणी ‘डोमिनो’ अरेपा मागा, मक्याच्या जाड भाकरीत काळा घेवडा आणि चीज. टार्पन स्प्रिंग्ज या ग्रीक वस्तीच्या गावात मोठ्या वालांची ‘गिगांतेस’ आणि उकडलेल्या पालेभाजीची ‘होर्ता’ मिळते. लिंबू पिळून खाल्ली की पोट आणि मन दोन्ही शांत. टॅम्पाच्या इबोर सिटीतलं १९०५ चं कोलंबिया हे राज्यातलं सर्वांत जुनं हॉटेल, पाहुण्यांना न्यायला चांगलं, पण क्यूबन सँडविचमध्ये डुकराचं मांस असतंच. गेन्सविलला शिकायला आलेल्या मुलांनी विद्यापीठाच्या आवारातलं हरे कृष्ण मंडळींचं दुपारचं जेवण चुकवू नये. ते १९७१ पासून चालू आहे.

शाकाहाऱ्यांसाठी मोठा सापळा म्हणजे काळा घेवडा आणि पिवळा भात. घेवड्यात हॅम, भातात कोंबडीचं पाणी, आणि वाढणारा प्रामाणिकपणे “नो मीट” सांगतो, कारण त्याच्या लेखी तुकडे नाहीत म्हणजे मांस नाही. माझ्या सासूबाईंच्या ताटात असं आलं आणि त्यांनी दोन दिवस काही खाल्लं नाही. म्हणून स्पॅनिशमध्ये विचारा: “सिन कार्ने, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो?” म्हणजे मांस, चरबी आणि कोंबडीचं पाणी, तिन्ही नाही ना?

नवीन ठिकाणी जाण्याआधी डीबीपीआर या राज्य खात्याच्या संकेतस्थळावर हॉटेलाचं नाव टाका. तपासणीचे अहवाल सगळ्यांना खुले आहेत. एखादी चूक प्रत्येकाकडे निघते, पण झुरळं किंवा उंदराच्या लेंड्या वारंवार लिहिलेल्या दिसल्या तर दुसरीकडे जा. बिल आलं की ‘सर्व्हिस चार्ज’ किंवा ‘ग्रॅच्युइटी’ आधीच लावली आहे का बघा. मायामी बीचकडे ती सर्रास लावतात आणि खाली टिपेची ओळ कोरी ठेवतात, त्यामुळे लोक दोनदा देतात. लावलेली नसेल तर १८ ते २० टक्के देण्याची रीत आहे.

मराठी जेवण हॉटेलात शोधू नका. आपल्या भागातल्या मराठी मंडळात नाव नोंदवा, कोण काय करतं ते तिथेच कळतं. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार घरच्या स्वयंपाकघरात केलेले कोरडे, न नासणारे पदार्थ परवान्याशिवाय विकता येतात, पण वेष्टनावर तसं लिहिलेलं लागतं. मसाले, कोरडा खाऊ त्यात बसतात. रस्सा-भाजीचे डबे बसत नाहीत, ते घेताना माणूस पारखून घ्या.

८. दमट हवा आणि वादळाचे महिने

डाळ-तांदूळ-रवा आणल्यावर चार दिवस फ्रीजरमध्ये, मग बाहेर काढून डबा कोरडा करून भरा. किडे होत नाहीत.

चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. वादळाची बातमी आली की पाणी आणि पाव तासाभरात संपतात, म्हणून माणशी रोज एक गॅलन या हिशोबाने पाणी मेअखेरीसच भरून ठेवा. वीज गेल्यावर दार न उघडलेला फ्रिज ४ तास टिकतो. भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४. फ्रीजरमध्ये पेलाभर पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. घर सोडून जावं लागलं आणि परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर मधे सगळं वितळलं होतं, टाकून द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन चक्रीवादळाच्या वेळी आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती. चिवडा, लाडू आणि दडपे पोहे यांवर आम्ही निभावलं. दडप्यांना शेगडी लागत नाही आणि वितळू लागलेलं खोबरं कारणी लागतं. कॅम्पिंगची शेगडी वापरलीत तर घराबाहेरच.

९. अंगणात चार झाडं

कढीपत्त्याचं रोप स्थानिक नर्सरीतूनच घ्या. २००५ मध्ये फ्लोरिडात सापडलेल्या सिट्रस ग्रीनिंग या रोगाने संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि तो पसरवणारा कीटक कढीपत्त्यावरही वाढतो. म्हणून रोप किंवा ताजी पानं दुसऱ्या राज्यातल्या बहिणीला पाठवायची नाहीत, आणि भारतातून येताना पानं, बिया, ताजी फळं आणायची नाहीत. बाकी खाण्याचं जे आणाल ते कस्टम्सला आधीच सांगा.

शेवगा वर्षात डोक्यावर जातो. थंडीने वाळला तरी बहुतेकदा बुंध्यापासून पुन्हा फुटतो. २०१९ च्या कायद्यामुळे घरासमोर भाजी लावायला गावाची नगरपालिका हरकत घेऊ शकत नाही, पण सोसायटीचे, म्हणजे एचओएचे, नियम वेगळे असतात, ते आधी वाचा. मातीची तपासणी आणि कुठल्या महिन्यात काय लावायचं याची माहिती फ्लोरिडा विद्यापीठाच्या काउंटी विस्तार कार्यालयात मिळते. ६७ काउंट्यांत त्यांची कार्यालयं आहेत. अंबाडीचं बी मी एप्रिलमध्ये टाकते. जुलैपासून पाल्याची भाजी होते, आणि दिवस लहान झाले की नोव्हेंबरच्या सुमाराला लाल बोंडं धरतात.